लाय डिटेक्टर रिव्ह्यू: रेझर ब्लेडच्या जाहिरातीतच या मशीनचं पितळ उघडं पडलं होतं

पाचपैकी एक स्टार. तो एक का दिला ते खाली येईलच, दिलाय तो मनापासून दिलाय.

मी मार्केट रिसर्चमध्ये काम करते. जाहिरात बघताना, पाकीट हातात घेताना, नवीन चव चाखताना माणसाला आतून काय वाटलं ते मोजायचा प्रयत्न करणं हे आमचं काम, बोटांना सेन्सर लावून घाम मोजणं, स्क्रीनवर डोळे कुठे अडकतात ते बघणं हे सगळं आता सर्रास चालतं, त्यामुळे लाय डिटेक्टर मला परका नाहीये. पण हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण वेगळं आहे. हल्ली इंटरनेटवर 'लाय डिटेक्टर टेस्ट' आणि पुढे मुंबई किंवा पुणे असं टाकून बघा, प्रायव्हेट डिटेक्टिव्हवाल्यांच्या जाहिराती येतात, नवऱ्यावर संशय आहे, बायकोवर संशय आहे, गल्ल्यातले पैसे जातायत, आम्ही टेस्ट करून देतो, रिपोर्ट देतो. लोक पैसे मोजतात आणि त्या रिपोर्टवर संसार मोडायला किंवा नोकराला काढायला तयार होतात. एवढं मोठं काम ज्या वस्तूकडून करून घ्यायचंय ती वस्तू काय आहे, कुठून आली आणि तिला विकलं कसं गेलं हे आधी माहीत नको का?

तर वस्तूपासून सुरू करू. लाय डिटेक्टरचं खरं नाव पॉलिग्राफ, म्हणजे दंडाला बीपीचा पट्टा, छातीला आणि पोटाला श्वास मोजायच्या नळ्या, बोटांना घाम मोजायचे दोन इलेक्ट्रोड, आणि हे सगळं एका कागदावर, आता लॅपटॉपवर, रेघांच्या रूपात उतरतं. बस एवढंच. रक्तदाब वाढला, श्वास अडखळला, हात ओले झाले, हे ते मशीन दाखवतं आणि नीट दाखवतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण 'खोटं' नावाची रेघ त्या कागदावर कुठेच नसते. थर्मामीटर ताप दाखवतो, मलेरिया आहे की टायफॉइड हे तो सांगत नाही, ते सांगायला दुसरं काहीतरी लागतं, आणि इथे ते दुसरं काहीतरी म्हणजे खुर्चीच्या पलीकडे बसलेला माणूस. डॉक्टरकडे गेल्यावर नुसता पट्टा बांधला की कित्येकांचं बीपी चढतं हे आपल्या घराघरात माहिती आहे. आता तोच पट्टा बांधून, समोर पोलीस किंवा मालक बसवून, 'पैसे तू घेतलेस का' असं विचारलं तर निर्दोष माणसाचं बीपी काय करेल?

यातलं काहीही एका माणसाने शोधलेलं नाही. इटलीतल्या चेझारे लोम्ब्रोझोने 1895 च्या सुमाराला संशयितांच्या नाडीतला बदल मोजून बघितला होता, जेम्स मॅकेन्झी या डॉक्टरने हृदयाचे ठोके शाईने कागदावर उतरवणारं यंत्र केलं होतं आणि त्यालाही पॉलिग्राफच म्हणायचे, आणि ते पूर्णपणे हृदयरोगासाठी होतं. 1914 मध्ये व्हित्तोरियो बेनुस्सीने श्वासावरून खोटं ओळखता येतं का यावर काम केलं. म्हणजे सुटे भाग तयार होते. ते जोडून 'खोटं पकडतो' अशी पाटी लावायचं काम अमेरिकेत झालं आणि त्यात तीन माणसं मुख्य होती.

पहिला विल्यम मोल्टन मार्स्टन. हार्वर्डमध्ये ह्युगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी, पुढे कायद्याची पदवी आणि मग मानसशास्त्रात डॉक्टरेट. त्याची बायको एलिझाबेथ म्हणाली की मला राग आला किंवा मी एक्साइट झाले की माझं बीपी चढल्यासारखं वाटतं, आणि त्यावरून त्याला ही दिशा सुचली असं सांगतात. ती स्वतः पण वकिलीची पदवी घेतलेली आणि मानसशास्त्र शिकलेली बाई, प्रयोगात तिचा हात होता, पण कागदोपत्री नाव त्याचंच पुढे राहिलं, आणि हे मला फार लागतं. 1917 मध्ये त्याने सिस्टॉलिक रक्तदाब (बीपीचा वरचा आकडा) आणि खोटं बोलणं यावर पेपर छापला. त्याची पद्धत साधी होती, माणूस आपली हकीकत सांगतोय आणि मार्स्टन मधूनमधून पट्टा फुगवून स्टेथोस्कोपने बीपी घेतोय. सलग रेघ नाही, मधूनमधून घेतलेले आकडे.

हे घेऊन तो कोर्टात गेला. वॉशिंग्टनमध्ये जेम्स फ्राय नावाच्या एका काळ्या तरुणावर डॉक्टरच्या खुनाचा आरोप होता, त्याने कबुली दिली होती आणि मग ती मागे घेतली होती. मार्स्टनने तुरुंगात जाऊन त्याची टेस्ट घेतली आणि सांगितलं की हा खरं बोलतोय. जजने साक्षच घेऊ दिली नाही, फ्रायला शिक्षा झाली, आणि डिसेंबर 1923 मध्ये अपील कोर्टाने पण तेच कायम ठेवलं: एखादी नवीन पद्धत त्या विषयातल्या जाणकारांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेली असली पाहिजे, तरच ती कोर्टात येईल. निकाल जेमतेम दोन पानांचा, पण अमेरिकेतल्या कोर्टांनी शास्त्रीय पुरावा कसा तपासायचा याचा नियम पुढची सत्तर वर्षं त्याच्यावर चालला. माझ्या दृष्टीने हा या प्रॉडक्टचा पहिला आणि सगळ्यात प्रामाणिक रिव्ह्यू आहे.

दुसरा जॉन लार्सन. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये ऑगस्ट व्होल्मर नावाचे सुधारक विचारांचे पोलीस प्रमुख होते, त्यांना मारहाण करून कबुली घ्यायची पद्धत बंद करायची होती आणि त्यांनी चक्क शरीरशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस पोलिसात घेतला. हा हेतू मी मनापासून मानते, कारण लाय डिटेक्टर जन्माला आला तो दंडुक्याऐवजी काहीतरी माणुसकीचं हवं म्हणून, हे विसरून चालणार नाही. लार्सनने 1921 मध्ये मार्स्टनची कल्पना घेऊन रक्तदाब आणि श्वास सलग नोंदवणारं मशीन उभं केलं, काजळी धरलेल्या कागदावर सुई ओरखडे काढत जायची. पहिली गाजलेली केस होती मुलींच्या होस्टेलमधल्या चोरीची, पैसे आणि अंगठी गेली होती, एकेका मुलीला बसवून प्रश्न विचारले, एक जण मशीनवरच भडकली आणि मग पुढच्या चौकशीत तिने कबुली दिली. पेपरवाल्यांना आणखी काय पाहिजे. (लार्सनने त्याच केसमध्ये टेस्ट दिलेल्या एका मुलीशी नंतर लग्न केलं, म्हणजे तिला मशीनवर बसवलं तेव्हा तिचं हृदय कशामुळे धडधडत होतं हे कोण सांगणार, आणि मशीन तर नक्कीच सांगू शकत नव्हतं.)

तिसरा लिओनार्द कीलर, तो व्होल्मरच्या हाताखाली लार्सनकडूनच शिकला. शास्त्रज्ञ कमी आणि विक्रेता जास्त, पण कमालीचा हुशार. त्याने मशीन छोटं केलं, पेटीत बसवलं, काजळी जाऊन शाई आली, पुढे बोटांच्या घामाची रेघ पण जोडली, आणि 1931 मध्ये पेटंट मिळवलं. आज पॉलिग्राफ म्हणून आपण जे चित्र डोळ्यासमोर आणतो ते कीलरचं. त्याने शिकागोमध्ये पोलिसांच्या पलीकडचं गिऱ्हाईक शोधलं, बँका. कर्मचाऱ्यांना रांगेने बसवायचं आणि कुणी पैसे मारले का ते काढायचं. 1935 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावच्या कोर्टात दोन्ही बाजूंच्या संमतीने त्याची टेस्ट पुरावा म्हणून पुढे पण आली.

कीलरची एक गोष्ट या प्रॉडक्टबद्दल सगळं सांगून जाते. टेस्टच्या आधी तो समोरच्याला पत्त्यांतला एक पत्ता निवडायला सांगायचा आणि मग प्रत्येक पत्त्याला 'नाही' म्हणायला लावायचा, मशीन बघून तो बरोबर पत्ता ओळखायचा, आणि समोरचा माणूस हबकायचा की बापरे, याच्यापुढे काही लपत नाही. नंतरच्या काळात काही पॉलिग्राफवाले यासाठी खुणेचे पत्ते वापरत असल्याचं नोंदलेलं आहे. म्हणजे मशीन चालण्यासाठी आधी ते चालतं असा विश्वास बसावा लागतो! कबुली जी यायची ती बहुतेक वेळा रेघेतून नाही, भीतीतून यायची. 1971 मध्ये प्रेसिडेंट निक्सनने आपल्याच ऑफिसच्या टेपवर हे उघड बोलून दाखवलं, मशीन किती अचूक आहे ते मला माहीत नाही पण लोकांची घाबरगुंडी उडते हे माहीत आहे, अशा अर्थाचं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, जाहिरात.

मार्स्टनला विद्यापीठात कायमची जागा काही टिकली नाही आणि त्याने आपलं मशीन दुसरीकडे वळवलं. 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या एम्बसी थिएटरमध्ये त्याने पत्रकारांना बोलावलं, नाटकात काम करणाऱ्या मुली बसवल्या, सोनेरी केसांच्या वेगळ्या, काळ्या केसांच्या वेगळ्या, त्यांना पट्टे बांधले आणि ग्रेटा गार्बोच्या मूकपटातले प्रेमाचे सीन दाखवले. निष्कर्ष: काळ्या केसांच्या मुली जास्त लवकर उत्तेजित होतात. पेपरात फोटो छापून आले, सिनेमाची जाहिरात झाली, मार्स्टनची झाली, आणि लगेच युनिव्हर्सल स्टुडिओच्या कार्ल लेमलेने त्याला हॉलिवूडला नोकरीवर बोलावून घेतलं. मूठभर मुली, सगळ्या एकाच धंद्यातल्या, समोर कॅमेरे, आणि त्यावरून जगातल्या सगळ्या बायकांच्या केसांच्या रंगावरून स्वभाव. आमच्याकडे नवीन लागलेल्या ट्रेनीने असं सॅम्पल आणलं तर पहिल्याच मिटिंगमध्ये परत पाठवतील.

आणि मग 1938. जिलेटचे दिवस तेव्हा चांगले नव्हते, स्वस्त ब्लेडवाले प्रतिस्पर्धी बाजारात घुसले होते आणि कंपनीला काहीतरी दणदणीत हवं होतं. त्या वर्षाच्या अखेरीला मोठ्या मासिकांमध्ये पानभर जाहिराती आल्या, लाय डिटेक्टर सगळं उघड करतो, रेझर ब्लेडबद्दलचं धक्कादायक सत्य, असा मथळा, आणि आत फोटो, मशीनला बांधलेले पुरुष दाढी करतायत आणि प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ डॉ. मार्स्टन कागदावरच्या रेघा वाचतायत. प्रयोग असा की अर्धी दाढी जिलेट ब्लेडने करायची आणि अर्धी दुसऱ्या कंपनीच्या, आणि मशीन सांगणार की मनाला कुठलं आवडलं, तोंडाने माणूस काहीही म्हणो. मार्स्टनचा दावा होता की दहापैकी नऊ जणांचा कौल जिलेटला. जाहिरातीत हेही ठासून लिहिलं होतं की हे तेच मशीन आहे जे देशभरचे पोलीस आणि सरकारी गुप्तहेर वापरतात.

जाहिरात म्हणून बघितलं तर काम पक्कं आहे, हे मी व्यवसायातली माणूस म्हणून सांगते. ब्लेड ही अशी वस्तू आहे की कुणीही 'आमचं जास्त धारदार' म्हणू शकतो आणि कुणाचाच कुणावर विश्वास बसत नाही. मग साक्षीदार असा आणायचा की जो खोटं बोलूच शकत नाही. फिल्मस्टार पैसे घेतो, खेळाडू पैसे घेतो, पण मशीन पैसे घेत नाही ना? ही कल्पना 1938 साली सुचणं मोठी गोष्ट आहे, आज 'क्लिनिकली प्रूव्हन' लिहिलेली प्रत्येक टूथपेस्ट त्याच वाटेने जाते.

पण टेस्ट म्हणून बघा. पहिली गोष्ट, दाढी करणाऱ्या माणसाला कुणी प्रश्नच विचारला नव्हता! तो गप्प उभा राहून गालावर ब्लेड फिरवतोय. मग खोटं येणार कुठून आणि पकडणार कोण? लाय डिटेक्टर या नावाचं त्या खोलीत कामच नव्हतं, होतं ते फक्त शरीर मोजणारं मशीन. ब्लेड बोथट असेल, केस ओढला गेला, त्वचा चिरली, तर बीपी हलेल, हे मान्य, पण तेवढं आरशात पण दिसतं. पोलीस स्टेशनमध्ये रेघ उडाली तर तो चोर, थिएटरमध्ये रेघ उडाली तर तिला प्रेमाचा सीन भिडला, आणि बेसिनसमोर रेघ उडाली तर ब्लेड प्रतिस्पर्ध्याचं आहे. रेघ तीच. तिला नाव काय द्यायचं ते खोली कुणाची आहे आणि बिल कोण भरतंय त्यावर ठरतंय. मला जे म्हणायचंय ते नेमकं हेच आहे, आणि ते मार्स्टनच्या शत्रूंनी नाही, त्याच्या स्वतःच्या जाहिरातीने दाखवून दिलंय.

दुसरी गोष्ट, आमच्या धंद्यातले साधे प्रश्न. आधी कुठलं ब्लेड दिलं? पहिल्या गालाला माणूस टेन्शनमध्ये असतो, दुसऱ्या गालापर्यंत सरावतो, म्हणून निम्म्यांना आधी हे आणि निम्म्यांना आधी ते द्यावं लागतं. उजव्या हाताने दाढी करणाऱ्याचा डावा गाल आणि उजवा गाल सारखा होत नाही. कुठलं ब्लेड कुठलं हे दाढी करणाऱ्याला माहीत होतं का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रेघ वाचणाऱ्याला माहीत होतं का, कारण वाचणारा माणूस पगारी होता. हे कुठे शास्त्रीय पत्रिकेत सविस्तर छापून इतरांना तपासायला दिलं असतं तर वेगळी गोष्ट. ते न करता थेट मासिकात पानभर जाहिरात, आणि आकडा मात्र असा द्यायचा की जणू प्रयोगशाळेतून शिक्कामोर्तब होऊन आलाय.

तपासणी झालीच, पण ती वेगळ्याच ठिकाणी. डेट्रॉइटमध्ये तशाच टेस्ट दुसऱ्यांकडून करून बघितल्या तेव्हा जिलेटच्या बाजूने तसा एकतर्फी कौल आला नाही, आणि ही गोष्ट एफबीआयपर्यंत पोचली. गुप्तहेरांचं नाव जाहिरातीत वापरलेलं तसंही त्यांना रुचलं नसणार. 1939 च्या त्या फाइलवर खुद्द एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूवरच्या हातचा शेरा आहे, हा माणूस ढोंगी आहे असं मला आधीपासून वाटत होतं आणि यावरून ते सिद्ध होतं, अशा अर्थाचा. हूवर काही मानवी हक्कांचा कैवारी नव्हता, पण इथे त्याचं म्हणणं बरोबर होतं. जिलेटने त्याच 1939 मध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचं रेडिओ प्रक्षेपण विकत घेतलं आणि त्यातून विक्री अशी वाढली की कंपनी पुढे कित्येक वर्षं खेळाच्याच जाहिरातीत राहिली. ब्लेड विकायला सत्य सांगणाऱ्या मशीनची गरज पडली नाही.

मार्स्टन त्याच सुमाराला मासिकात नवरा-बायकोच्या टेस्ट पण करत होता, बायकोला नवऱ्याने चुंबन दिलं तर रेघ किती उडते आणि परक्याने दिलं तर किती, आणि त्यावरून लग्नाचं निदान. हे वाचताना मला हसू येत नाही, चीड येते, कारण आज आपल्याकडे डिटेक्टिव्ह एजन्सी 'मॅरिटल' म्हणून जे पॅकेज विकतात ते तिथूनच आलेलं आहे. 1941 मध्ये त्याने वंडर वुमन ही कॉमिकची नायिका निर्माण केली, तिच्या हातातला तो सोनेरी दोर ज्याच्याभोवती पडतो त्याला खरं बोलावंच लागतं. कॉमिकमध्ये ती कल्पना सुंदर आहे आणि मार्स्टनचं सगळ्यात चांगलं काम मी त्यालाच म्हणेन, कारण तिथे कुणाची नोकरी जात नाही. त्याचं अजून एक काम आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नकळत वापरलंय: ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये डिस्क नावाची पर्सनॅलिटी टेस्ट भरून घेतात ना, तिचं मूळ त्याच्या 1928 च्या मांडणीत आहे.

आणि लार्सन? ज्याने पोलिसांसाठी पहिलं मशीन बांधलं तो माणूस आयुष्यभर स्वतःच्याच यंत्राविरुद्ध बोलत राहिला. त्याचं म्हणणं होतं की हे संशोधन त्याच्या हाताबाहेर जाऊन बनवणाऱ्यावरच उलटणाऱ्या फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासारखं झालं आणि त्याच्याशी लढण्यात चाळीसेक वर्षं गेली. बनवणाराच जेव्हा हे लिहून ठेवतो तेव्हा गिऱ्हाइकाने ते वाचलंच पाहिजे.

आता तो एक स्टार. अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिल या शास्त्रज्ञांच्या संस्थेने 2003 मध्ये सगळा अभ्यास गोळा करून रिपोर्ट दिला आणि त्यात प्रामाणिकपणे म्हटलं की एखाद्या ठरावीक घटनेबद्दल प्रश्न असतील, आणि समोरच्याने मशीनला चकवायचं ट्रेनिंग घेतलेलं नसेल, तर पॉलिग्राफ नुसत्या अंदाजापेक्षा बरंच चांगलं करतो, पण अचूक असण्यापासून बराच लांब राहतो. हे खरंय आणि ते मान्य करायलाच हवं, स्टार त्याचा. पण त्याच रिपोर्टमधलं एक गणित मी सगळ्यांना पाठ करायला लावेन. समजा दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यात दहा गुप्तहेर आहेत, आणि टेस्ट चांगल्यापैकी अचूक आहे असं धरलं. त्या दहातले आठ पकडायचे असं ठरवून टेस्ट लावली तर नापास होणारे एकूण 1606, म्हणजे 8 गुप्तहेर आणि 1598 निर्दोष माणसं. आणि निर्दोषांना त्रास नको म्हणून टेस्ट सैल केली तर दहातले आठ गुप्तहेर आरामात पास. आल्ड्रिच एम्स सीआयएमध्ये बसून रशियाला माहिती विकत होता आणि 1986 आणि 1991 अशा दोन्ही पॉलिग्राफ टेस्ट पास झाला, पकडला गेला तो 1994 मध्ये.

त्याच्या आधीच, 1988 मध्ये, अमेरिकेने कायदा करून बहुतेक खासगी कंपन्यांना नोकरीसाठी लाय डिटेक्टर लावायला बंदी घातली. कीलरने बँकांपासून सुरू केलेला धंदा तोपर्यंत दुकानं, गोदामं, हॉटेलं सगळीकडे पसरला होता आणि लाखो लोक दरवर्षी त्या खुर्चीत बसत होते. ज्या देशात हे प्रॉडक्ट जन्मलं तिथेच मालकांच्या हातातून ते काढून घ्यावं लागलं.

आपल्याकडे हे मशीन लोकांच्या डोक्यात बसलं ते बातम्यांमुळे आणि टीव्हीमुळे. 2009 मध्ये 'सच का सामना' लागायचं, राजीव खंडेलवाल 21 प्रश्न विचारायचा, एक कोटीचं बक्षीस, आणि उत्तर खरं की खोटं ते आधी घेतलेल्या पॉलिग्राफवरून ठरायचं, आपला विनोद कांबळीसुद्धा त्यात बसला होता आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच. त्या कार्यक्रमाने किती घरांत 'मशीन म्हणतंय म्हणजे खरंच' हे पक्कं केलं असेल याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही, पण जाहिरात म्हणून ती जिलेटपेक्षा कितीतरी मोठी होती. त्याच्या एकच वर्ष आधी, 2008 मध्ये, पुण्याच्या सेशन्स कोर्टाने एका खुनाच्या केसमध्ये मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या टेस्टचा आधार घेऊन शिक्षा दिली होती आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर डोक्याला हात लावला. यंत्र नवीन, पण आतला दावा मार्स्टनचाच, की शरीराची रेघ म्हणजे मनातली गोष्ट.

सुदैवाने आपल्या सुप्रीम कोर्टाने 5 मे 2010 रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक सरकार या केसमध्ये फार स्वच्छ निकाल दिला. नार्को (औषधाने गुंगी आणून प्रश्न विचारणं), पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची टेस्ट), यातलं काहीही कुणावर जबरदस्तीने करता येणार नाही, गुन्ह्याच्या तपासात तर नाहीच आणि इतर कुठल्या कारणासाठीही नाही. संमतीने टेस्ट दिली तरी टेस्टचा निकाल हा स्वतः पुरावा नाही, त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती सापडली तर तिचा वेगळा विचार होतो. संमती पण मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवलेली, वकील भेटलेला असला पाहिजे, हे मानवी हक्क आयोगाने 2000 सालीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून विकत घ्यायला निघालेल्यांना माझं सांगणं. दुकानातले पैसे गेले असतील तर कॅमेरा बघा, हिशोब बघा, पोलिसात जा. नोकराला टेस्टला बसवून जे हाती येईल ते कोर्टात उभं राहणार नाही आणि तो निर्दोष निघाला तर त्याचा चेहरा तुम्हाला रोज बघायचाय. नवरा-बायकोच्या बाबतीत तर मी हात जोडते, तो खर्च करू नका, ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकायचंय तो प्रश्न विचारताना समोरच्याचं हृदय धडधडणारच आहे, तो खरा असला तरी. आणि तुम्हालाच कुणी 'निर्दोष आहेस तर घाबरतोस कशाला, दे टेस्ट' असं म्हणत असेल तर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे, नाही म्हणणं म्हणजे कबुली नव्हे.

तरीही एखाद्या एजन्सीकडे जायचंच ठरलं असेल तर पैसे देण्याआधी लेखी मागा: कोणते प्रश्न विचारणार ते आधी, चार्ट वाचणाऱ्याचं शिक्षण काय, पूर्ण चार्टची प्रत मिळणार की नुसता 'पास-नापास' असा एक कागद, आणि तोच चार्ट केस माहीत नसलेल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घेणार का. ते शेवटचं बहुतेक जण देणार नाहीत, आणि माझ्या मते फी द्यायची की नाही हे त्याच एका उत्तरावर ठरवा.